शेतकऱ्याची मोटार आणि वस्तीवरची शाळा

१९०८ साली अमेरिकेत फोर्डची 'मॉडेल टी' आली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलरच्या आसपास होती. १९१३ पासून गाडीचा सांगाडा सरकत्या साखळीवर जोडू लागले. साडेबारा तासांचे काम दीड तासावर आले, आणि १९२५ मध्ये सर्वांत स्वस्त गाडी २६० डॉलरला मिळू लागली. आता शेतकरीही ती घेऊ लागले. मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवला, की हीच गाडी लाकूड कापे, पाणी उपसे!

आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो बदल मात्र वेगळाच. मोटारींसाठी रस्ते सुधारले, त्यांवरून शाळेच्या बसगाड्या धावू लागल्या. मग वस्तीवस्तीवरच्या एकशिक्षकी शाळा बंद करून मोठ्या शाळा काढता आल्या. तिथे इयत्तेगणिक शिक्षक होता. वस्तीवरच्या शाळेत गावच्या सभा-समारंभही होत. त्यांची जागाही तिच्याबरोबर गेली.