पट्टा पहिल्यांदा आला, तो या गावात

१३ ऑगस्ट १९५९. दक्षिण स्वीडनमधल्या क्रिश्चनस्टाड नावाच्या छोट्या शहरात व्होल्वोच्या विक्रेत्याकडे एक नवी गाडी पोचती झाली. मॉडेल पीव्ही ५४४, मागून गोलसर उतरत गेलेली. कारखान्यातूनच तीन टोकांचा सीटबेल्ट लावून आलेली ही जगातली पहिली गाडी. आज कुठल्याही गाडीत बसलो की आपण खांद्यावरून ओढून कमरेशी टक्कन अडकवतो ना, तोच पट्टा!

असला मुहूर्त राजधानीत, मंत्र्यांच्या हस्ते वगैरे व्हायचा. तो इथे लागला, याची मला भारी गंमत वाटते. गावही तसंच अजब. १६१४ साली डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन याने ते पाणथळ जागेत वसवलं. तेव्हा हा मुलूख डॅनिश होता. स्वीडनमधली सर्वांत सखल जमीन इथेच आहे, समुद्रसपाटीच्या २.४१ मीटर खाली. एकोणिसाव्या शतकात पाणी उपसून कोरडा केलेला तो तळ्याचा तळ. बांध आणि पंप आहेत म्हणून तिथे वस्ती टिकून आहे. आणखी एक: पट्टा आला त्या काळी स्वीडनमध्ये वाहनं डाव्या बाजूने धावत आणि बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच! ओव्हरटेक करताना समोरचं दिसत तरी काय असेल? रस्ता उजवा झाला तो थेट ३ सप्टेंबर १९६७ला.

पट्टा बेतला निल्स बूलिन यांनी. आधी ते साब कंपनीत विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत. खरी करामत आहे ती पट्ट्याच्या कोनात. जुन्या पट्ट्याचं बक्कल पोटावर यायचं आणि धडकेत तेच आत रुतायचं. बूलिन यांनी छातीवरचा तिरका आणि मांड्यांवरचा आडवा पट्टा सीटच्या बाजूला, खाली एकाच जागी आणून मिळवले. त्यामुळे धक्का बरगड्या आणि कमरेची हाडं झेलतात, आणि ताण आला तरी पट्टा जागचा हलत नाही. अडकवायला एक हात पुरतो. वैमानिक जिवासाठी काय वाटेल ते अंगाला बांधून घेतो. गाडीतला माणूस मात्र क्षणभराची कटकट सोसत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

पट्टा तेव्हा आपोआप गुंडाळला जात नसे, लांबी हाताने जुळवावी लागे. व्होल्वोने पेटंट इतर कारखानदारांना खुलं ठेवलं. पण खुद्द स्वीडनमध्ये पुढच्या सीटवर पट्ट्याची सक्ती झाली १९७५ साली. म्हणजे ती गाडी क्रिश्चनस्टाडला पोचल्यावर पंधरा वर्षं लोक पट्टा मांडीखाली दाबून बसायला मोकळेच होते.