तिकिटावरचे सतरा रुपये सत्तर पैसे

आयआरसीटीसी ही मला आवडणारी कंपनी आहे. आरक्षण खिडकीसमोर पहाटे नंबर लावून उभं राहिलेल्या पिढीला याचं कारण सांगावं लागणार नाही. ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेचं तिकीट इंटरनेटवर मिळू लागलं, तेव्हा ते कुरिअरनं घरी यायचं. पुढे कागदाची गरज संपली आणि आता आरक्षित तिकिटांतली दहापैकी आठांहून अधिक याच वाटेनं निघतात. गणपतीच्या गाड्यांची बुकिंग उघडली की साइटला शिव्या घालणारे चाकरमानीसुद्धा पुन्हा खिडकीवर जायला तयार नसतात.

अशा कंपनीच्या नफ्यावर बोट ठेवलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. नफा कमावणं हा काय गुन्हा आहे? आणि दहा-वीस रुपयांसाठी एवढं कशाला? पहिलं उत्तर पटण्यासारखं आहे. दुसऱ्यासाठी मात्र हिशेब उघडावा लागतो.

२०२३-२४ या वर्षात कंपनीचा निव्वळ नफा सुमारे १,१११ कोटी रुपये होता. या एका आकड्यावरून ना कौतुक करता येतं, ना टीका. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला निकालासोबत विभागवार तक्ता द्यावा लागतो आणि खरी गोष्ट तिथे असते. आयआरसीटीसी गाडीत जेवण पुरवते, रेल नीर विकते, सहली काढते आणि तिकिटं देते. जेवणाची उलाढाल सर्वांत मोठी, पण त्यात शंभर रुपयांमागे दहा-पंधराच उरतात. अंबरनाथसारख्या ठिकाणच्या प्रकल्पांत भरली जाणारी रेल नीरही साधारण तशीच. डाळ-भात रांधायला किंवा बाटली भरून फलाटावर पोचवायला खर्च येतोच. इंटरनेट तिकिटांचा विभाग वेगळा आहे. त्याचं उत्पन्न साधारण १,३०० कोटी आणि त्यात शंभरातले ऐंशीहून अधिक रुपये नफा. म्हणजे कंपनीच्या नफ्याचा मोठा वाटा या एकाच विभागातून येतो.

हे पैसे येतात कुठून? बिगर-एसी तिकिटाला १५ रुपये आणि एसीला ३० रुपये सुविधा शुल्क, यूपीआयनं पैसे भरले तर १० आणि २०. त्यावर १८ टक्के जीएसटी. वर्षाला साधारण ४५ कोटी तिकिटं निघतात. सरासरी अठरा-वीस रुपये धरले तरी आठ-नऊशे कोटी होतात. उरलेलं उत्पन्न जाहिराती, एजंट आणि पैसे भरण्याच्या सोयींमधून येतं.

शुल्क माणशी नसून तिकिटामागे आहे, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. एका तिकिटावर सहा जण बसतात आणि सहा जणांच्या कुटुंबालाही तेवढंच शुल्क पडतं. दोनशे रुपयांचं साधं तिकीट काढून एकटाच गावी निघालेला माणूस कार्डानं पैसे भरतो तेव्हा करासह १७ रुपये ७० पैसे, म्हणजे भाड्याच्या जवळजवळ नऊ टक्के देतो. तीन हजारांच्या एसी तिकिटावर ३५ रुपये ४० पैसे म्हणजे सव्वा टक्काही नाही. तिकीट प्रतीक्षा यादीतच राहून प्रवास झाला नाही, तरी हे शुल्क परत मिळत नाही. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच, कारण इथे सेवा पूर्णच होत नाही.

नफा कष्टाचा की टोलनाक्याचा, हे तपासायला एक प्रश्न पुरतो. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकतं का? पारले आवडलं नाही तर ब्रिटानिया घेता येतं. रेल्वेचं आरक्षित तिकीट ऑनलाइन विकण्याचा अधिकार मात्र एकाच कंपनीला आहे. इक्सिगो, मेकमायट्रिप यांच्यावर काढलेलं तिकीटही आयआरसीटीसीमार्फतच निघतं. तिचं शुल्क तर लागतंच, वर त्या अ‍ॅपचं वेगळं. पर्याय एकच, खिडकी; आणि खिडकीवर सुविधा शुल्क नाही. गाळा, कारकून, कागद हा सगळा खर्च असलेलं तिकीट स्वस्त, आणि तो खर्च वाचवणारं महाग!

मोबाइलवर तिकीट म्हटलं की शुल्क आलंच, असंही नाही. मुंबईच्या लोकलचं तिकीट यूटीएस अ‍ॅपवर मिळू लागलं ते डिसेंबर २०१४ मध्ये. ते अ‍ॅप रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेनं बनवलं आणि त्यावर असं शुल्क घेतलं गेलं नाही. आरक्षणाची मूळ संगणक यंत्रणाही क्रिसच सांभाळते. आयआरसीटीसी त्या यंत्रणेपर्यंत नेणारा दरवाजा चालवते. दरवाजा चांगला आहे आणि दिवसाला बारा लाख तिकिटांचा लोंढा पेलणं हे काही लहान काम नाही. तरीही गाड्या, रूळ, डबे ज्या रेल्वेचे, तिचे शंभरातले ९८ रुपये खर्चात जातात, आणि दरवाजाजवळ ऐंशी उरतात.

कंपनीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा असा, की तिचे ६२.४ टक्के शेअर सरकारचे आहेत. नफ्यावर कर जातो, लाभांशाचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीत जातो. म्हणजे प्रवाशाचा पैसा फिरून जनतेकडेच येतो. अर्धं खरं आहे. उरलेला हिस्सा एलआयसी, फंड आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ३२० रुपयांना शेअर मिळालेल्या भाग्यवंतांचा. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी त्या शेअरचा भाव दुपटीहून वर गेला होता. आणि सरकारला पैसा उभारायचाच असेल, तर साध्या डब्यातल्या एकट्या प्रवाशाकडून नऊ टक्के आणि एसीवाल्याकडून सव्वा टक्का, ही कसली वसुली?

या नफ्याचा पाया किती पातळ आहे, ते २०२१ मध्ये दिसलं. २८ ऑक्टोबरला कंपनीनं बाजाराला कळवलं की सुविधा शुल्काचा निम्मा वाटा रेल्वे मंत्रालयाला द्यावा लागणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर पंचवीस टक्क्यांहून अधिक कोसळला. काही तासांत सरकारनं निर्णय मागे घेतल्याचं जाहीर केलं आणि भाव बराचसा सावरला. त्या सकाळी जेवण, पाणी, वेबसाइट सगळं आदल्या दिवसासारखंच चाललं होतं. बदललं होतं ते एका पत्रातलं वाक्य. भागधारकांना घाबरवल्याबद्दल मंत्रालयावर तेव्हा खूप टीका झाली आणि ती रास्तच होती. शुल्क मुळात एवढं का, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही.

शुल्काशिवाय कंपनी जगते का, हेही पाहून झालं आहे. नोटबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ पासून ऑगस्ट २०१९ अखेरपर्यंत ते बंद होतं. खर्चापोटी सरकारनं वर्षाला शंभर कोटींच्या आतली भरपाई दिली आणि २०१८-१९ मध्ये कंपनीनं सुमारे २७२ कोटी नफा कमावला.

शुल्क अजिबात नको, असं मी म्हणणार नाही. सर्व्हर फुकट चालत नाहीत. निश्चित न झालेल्या तिकिटाचं शुल्क परत द्यावं आणि बिगर-एसी तिकिटाचं भाड्याच्या प्रमाणात घ्यावं, एवढंच मागणं आहे. अगदी टोकाचं गृहीत धरून तिकीट विभागाचं निम्मं उत्पन्न, साडेसहाशे कोटी, सोडून दिलं, तर कराचा पाव भाग वजा जाता नफा जवळजवळ ४९० कोटींनी घटतो. मग २०२३-२४ च्या हिशेबात सहाशे कोटींहून थोडे जास्त उरतात, म्हणजे शुल्काविना काढलेल्या त्या वर्षाच्या दुपटीहून अधिक.