फोटो छान, पण हातात काय उरतं?

ताईंनो, आपल्या गटांतल्या काही मैत्रिणी बारसं, डोहाळजेवण, साखरपुड्याचे फोटो काढतात. कौतुक होतं, पण कर्जाचा हप्ता आला की ओढाताण होते. कारण दर अंदाजाने सांगितला जातो.

एक हिशेब मांडू. कॅमेरा ६०,००० रुपयांचा. तो तीन वर्षं चालेल, वर्षाला ४० कामं मिळतील असं धरा. म्हणजे १२० कामं. प्रत्येक कामामागे ५०० रुपये नुसती कॅमेऱ्याची झीज. गाडीभाडं २००, अल्बम १,२००. झाले १,९००. तुम्ही २,५०० घेतले, तर उरले ६००. त्यात एक दिवस फोटो काढायचा, दोन दिवस ते नीट करून अल्बम लावायचा. रोज पडला २०० रुपये! मग खुरपणीची मजुरी काय वाईट?

म्हणून आधी खर्च आणि स्वतःची तीन दिवसांची मजुरी धरा, मगच दर सांगा. तारीख ठरताच निम्मे पैसे आगाऊ घ्या, बाकीचे अल्बम देताना. किती तास, किती फोटो, अल्बम कधी, हे वहीत लिहून सही घ्या. भावकीत सूट द्यायची तर खुशाल द्या, पण बिलावर पूर्ण दर लिहून सूट खाली दाखवा. झिजेचे ५०० वेगळे ठेवा. पुढचा कॅमेरा त्यातूनच यायचा आहे.