हायड्रोजनसोबत येणारा ऑक्सिजन

एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले होते. तिथल्या पोलाद कारखान्यातला द्रवरूप ऑक्सिजन घेऊन ती गाडी नागपूर, नाशिकला पोचली, तोवर रुग्णालयांत एकेक सिलिंडर मोजला जात होता. हायड्रोजन इंधनाची चर्चा चालू असताना ते दिवस आठवायला कारण आहे.

हरित हायड्रोजनची रीत शाळेतल्या प्रयोगासारखीच. पाण्यातून वीज सोडायची. एका बाजूला हायड्रोजन जमतो, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असली की कोळसाही नको आणि नैसर्गिक वायूही नको. नऊ लिटर पाण्यातून एक किलो हायड्रोजन मिळतो आणि त्याला पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. एवढी महाग वीज घालून मोटारी पळवण्यात फारसा अर्थ नाही, तिथे बॅटरीच बरी. खत आणि पोलाद कारखान्यांचे मात्र निव्वळ विजेवर भागत नाही. हायड्रोजनची खरी गरज तिथे आहे.

त्याच नऊ लिटरमधून आठ किलो ऑक्सिजन निघतो. तो बहुधा हवेत सोडून दिला जातो.

आसामात जोरहाटला ऑइल इंडियाने एप्रिल २०२२ मध्ये सौर विजेवरचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. क्षमता दिवसाला १० किलो हायड्रोजनची. एवढ्या हायड्रोजनमागे ८० किलो ऑक्सिजन तयार होतो, म्हणजे रुग्णालयातले आठ जम्बो सिलिंडर भरून थोडा उरेल इतका. मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन लागणाऱ्या चार रुग्णांची दिवसरात्रीची सोय त्यात होते. आणि हा प्रकल्प तर अगदी लहान. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे २०३० चे उद्दिष्ट वर्षाला ५० लाख टनांचे आहे. ते गाठले, तर रोज लाखाहून अधिक टन ऑक्सिजन निघेल. दुसऱ्या लाटेच्या शिखरावर देशभरातल्या रुग्णांची रोजची मागणी सुमारे ९ हजार टन होती.

अर्थात नळी जोडली आणि वॉर्डात ऑक्सिजन आला, इतके ते सोपे नाही. वैद्यकीय ऑक्सिजन कायद्याने औषध आहे. त्यातला ओलावा काढावा लागतो, हायड्रोजनचा अंशही काढावा लागतो, कारण या दोन वायूंचे मिश्रण स्फोटक असते. दूर न्यायचा तर उणे १८३ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो आणि तो खर्च मोठा. मोठे प्रकल्प बहुतेक बंदरांजवळ आखले जात आहेत, गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णालयाला त्यांचा उपयोग थोडाच. तिथे उपयोगी पडतील ते जोरहाटएवढे लहान प्रकल्प, रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर. शुद्धीकरण आणि सिलिंडर भरण्याची सोय मात्र आराखड्यातच धरायला हवी. प्रकल्प उभा राहिल्यावर ती जोडणे महागात पडते.