वर्गातलं डिजिटल जग (भाग ६) : पीडीएफ पुढे पाठवण्याआधी

दहावीच्या मुलांचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप पाहा. सहामाही तोंडावर आली की कुणीतरी आख्ख्या गाईडची पीडीएफ टाकतं. पानं मोबाइलने टिपलेली, कडेला पान दाबून धरणारा अंगठाही दिसतो. त्यात काही वावगं आहे असं मुलांच्या मनातही येत नाही. शाळेत त्यांनी एकच वाक्य ऐकलेलं असतं, ‘कॉपी करणं गुन्हा आहे.’ पण झेरॉक्स तर शिक्षकही काढतात, मग त्या वाक्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून मला वाटतं, काय चालतं हे आधी शिकवावं आणि काय चालत नाही ते त्यानंतर.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी वापराची मुभा देतं. शिकवण्याच्या ओघात शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलेलाही ते सूट देतं. याची कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं दुकान होतं. प्राध्यापकांच्या वाचनयादीतली प्रकरणं तिथे झेरॉक्स करून, बांधून मिळत. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थी स्वतःहून त्या खटल्यात उतरले. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले. पण शिकवण्यासाठी लागेल तेवढी नक्कल करता येते, हे तत्त्व कायम ठेवलं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगावी. कायदा आपल्याही बाजूचा आहे हे मुलांना कळलं पाहिजे.

मग गाईडच्या पीडीएफचं काय? तिथे शिक्षकाने धड्यापुरती निवडलेली पानं नसतात. विकत मिळणारं आख्खं पुस्तक अनोळखी हजारोंपर्यंत जातं. मराठीत अनेकदा हजार प्रतींची आवृत्ती निघते आणि लेखकाचं मानधन खपलेल्या प्रतींवर ठरतं. तिथे अशी एक फाइल पुढची आवृत्ती अडवू शकते. स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेची पुस्तकं आणि व्याख्यानं टेलिग्रामवर अशीच फिरत होती. चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्या, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टेलिग्रामला दिला. सर्व्हर सिंगापूरला आहेत ही सबब चालली नाही. सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसून नोट्सचे चॅनेल चालवणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

टॉरेंटबद्दलही मुलं विचारतात. ते तंत्र बेकायदा नाही. लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली त्यावरून उघडपणे वाटल्या जातात. मात्र त्यात फाइलचे तुकडे आपण घेत असतानाच आपला संगणक ते इतरांना देतही असतो. म्हणजे ‘मी फक्त डाउनलोड केलं’ हे बहुतेक वेळा खरं नसतं.

या आठवड्यात वर्गात एक काम करून घ्या. प्रत्येकाने घरचं एक पुस्तक आणावं आणि आतल्या पानावर हक्क कुणाचे आहेत ते वाचावं. हे हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतात, ती वर्षं मोजावीत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत आलेली पुस्तकं २०११ पासून सर्वांना खुली आहेत. अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे दोघेही १९६९ मध्ये गेले. त्यांची १ जानेवारी २०३०ला खुली होतील. पु. लं.ची २०६१ मध्ये. अनुवाद असेल तर अनुवादकाचं वर्षही पाहायचं, ते हमखास विसरलं जातं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, पण हक्क मंडळाने राखलेले आहेत. म्हणून मित्राला फाइलऐवजी दुवा पाठवायचा.

पुढच्या आठवड्यात क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने पाहू. स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओला संगीत कुठून घ्यायचं, हा प्रश्नही तेव्हाच घेऊ.