बारावीनंतर कायद्याचे शिक्षण : परीक्षेआधीची परीक्षा

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. या प्रकरणी पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ साली. मध्ये बारा वर्षे गेली. ही बारा वर्षे आपल्याला एक गोष्ट शिकवून गेली आहेत. मोर्चा एका दिवसाचा असतो, खटला पिढीचा असतो. साक्षीदाराला उभे करणे, कागद जपणे, तारखेमागून तारखेला हजर राहणे ही कामे घोषणांनी होत नाहीत. त्यासाठी वकील लागतो, आणि तो वस्तीतलाच असेल तर त्याला वस्ती समजावून सांगावी लागत नाही.

त्या गोळीबारानंतर जन्मलेली मुले आज माझ्या वर्गात बसतात. मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की दोनचार मुले येतात आणि विचारतात, "सर, लॉ करायचंय. फॉर्म कुठे मिळतो?" तेव्हा मला सांगावे लागते की परीक्षा होऊनही गेली. त्या मुलांचा यात दोष नाही. माझ्या घरात मीच पहिला पदवीधर. बारावीनंतर थेट कायद्याकडे जाता येते, हे मला स्वतःला पदवीच्या दुसऱ्या वर्षी कळले. ज्यांच्या घरात वकील आहेत त्यांना ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. आपल्याला ती मुद्दाम गोळा करावी लागते. म्हणून हा लेख.

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा, असे कायद्याचे दोन अभ्यासक्रम आहेत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला कला, वाणिज्य, विज्ञान अशी कोणतीही शाखा चालते. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे बारावीला खुल्या वर्गासाठी ४५, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण पुरतात. म्हणजे गुणांची अट मोठी नाही.

प्रवेशाची दारे मात्र दोन आहेत, आणि ती सारखी नाहीत. पवईत महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांपासून ते बसच्या अंतरावर आहे. पण तिथे जायचे तर 'क्लॅट' ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते, आणि ती फक्त इंग्रजीत होते. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. २०२५ च्या प्रवेशासाठी ती १ डिसेंबर २०२४ लाच झाली, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्याही आधी. अर्जाचे शुल्क खुल्या वर्गाला ४००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना ३५०० रुपये होते. महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला अंतर बसचे नाही, ते भाषेचे आणि पैशाचे आहे.

दुसरे दार राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे. २०१६ पासून चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय काय किंवा उपनगरातली खाजगी महाविद्यालये काय, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दार याच परीक्षेने उघडते. ही परीक्षा इंग्रजीचा भाग सोडून मराठीतही देता येते, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कायद्याची जाण, तर्क, सामान्य ज्ञान, इंग्रजी आणि थोडे गणित असे तिचे स्वरूप आहे. रोज एक वर्तमानपत्र नीट वाचणारा आणि वर्षभर सराव करणारा विद्यार्थी महागड्या शिकवणीवाचूनही तिला सामोरा जाऊ शकतो. हिची नोंदणी साधारणतः बारावीच्या परीक्षेच्या सुमारास होते आणि परीक्षा एप्रिल-मेमध्ये.

परंतु आपली खरी परीक्षा याच्या आधी सुरू होते. ती कागदाची आहे. राखीव जागेवर प्रवेश हवा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ते नसेल तर विद्यार्थी खुल्या वर्गात ढकलला जातो. कधी अर्जाच्या पावतीवर शासन मुदत देते, पण त्या आशेवर बसू नये.

इथे उपनगरातल्या मुलांना एक गोष्ट माहीत नसते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख मानली जाते. त्या दिवशी आपले बापजादे जिथे राहत होते, तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडे दाखल्यासाठी आणि तिथल्याच समितीकडे पडताळणीसाठी जावे लागते. घर तेव्हापासून मुंबईत असेल तर अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला तालुका. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ल्यातच येतात. पण आपली बहुतेक घरे नंतर आली. कुणी १९७२ च्या दुष्काळात, कुणी त्याआधी गिरणीच्या ओढीने. म्हणून विधी महाविद्यालयाची वाट आधी एस.टी.ने गावाकडे जाते. तिथे शाळेच्या रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधावी लागते. ज्या आजोबांना शाळेच्या दारात उभे केले नाही, त्यांचाच शाळेतला पुरावा आज नातवाकडे मागितला जातो!

बौद्धांच्या बाबतीत आणखी एक पेच पडतो. धर्मांतरानंतरच्या नोंदीत केवळ 'बौद्ध' लिहिलेले असेल, तर त्याआधीची जातीची नोंद शोधावी लागते. १९५६ साली जे टाकून दिले, तेच हक्कासाठी पुन्हा उकरून काढायचे. हे दुखते, पण त्यासाठी हक्क सोडून चालणार नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता मिळाली असेल तर काम सोपे होते. काका-आत्यांकडे आधी चौकशी करावी.

परीक्षा दिली म्हणजे प्रवेश झाला, हाही गैरसमज आहे. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत वेगळी नोंदणी करून, कागद चढवून, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पुष्कळ मुले इथेच गळतात. अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत. त्या याच प्रक्रियेतून मिळतात. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्तीही हातची जाते. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यापुढे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची शुल्कमाफी आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी काय करावे? अकरावीच्या वर्गातच नावे काढावीत. विज्ञानाच्या मुलांना वैधतेची आठवण कुणीतरी करून देतो, कला-वाणिज्यच्या मुलांना कुणी विचारत नाही. त्यांचे अर्ज महाविद्यालयामार्फत अकरावी-बारावीतच जावेत. जयंतीच्या मंडपात एक टेबल दाखल्यांसाठी ठेवावे. गावी लग्नाला जाणाऱ्याने येताना शाळेचा उतारा आणावा.

बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९५६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने फोर्टमध्ये सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले. त्यांना कायद्याचे शिक्षण किती मोलाचे वाटत होते ते यावरून दिसते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वकिलीच्या सनदेसाठी अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. शेवटची पायरी आता स्वस्त झाली आहे. पहिली पायरी मात्र गावच्या शाळेच्या कपाटात पडून आहे, आणि ती काढून आणायला अकरावीतच निघावे लागते.