नदीचा फोटो काढलाय? व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी हे वाचा

मी भिवंडीचा. आमच्या शहरातून वाहणारी कामवारी नदी पुढे खाडीला मिळते. यंत्रमाग, सायझिंग, रंगाई आणि घराघरातलं सांडपाणी, या सगळ्याचा भार तिच्यावर. मागे आमच्या गल्लीच्या ग्रुपवर ठरलं की रीतसर तक्रार करायची. काळं पाणी, फेस, जलपर्णी असे पन्नासेक फोटो जमले. मीच ते डाउनलोड करून प्रिंट काढल्या. कार्यालयात पहिलाच प्रश्न आला, "हे कुठले? कधीचे?"

उत्तर फोटोतच असायला हवं होतं. फोन फोटो काढतो तेव्हा फाइलमध्ये वेळ आणि (कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर) अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. याला एक्झिफ डेटा म्हणतात. पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की फाइल लहान होते आणि ही माहिती गळून पडते. इंजिनिअर असून मला हे तेव्हा सुचलं नाही! उपाय सोपा आहे: अटॅचमधून 'डॉक्युमेंट' निवडून फोटो पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. अर्थात घरात काढलेले फोटो असे पाठवू नका, तुमचा पत्ताही सोबत जाईल.

दुसरी चूक खाडीकाठच्या एका कोळी काकांनी दाखवली. "अरे पोरा, भरतीला फोटो काढून काय उपयोग? पाणी चढलं की सगळं झाकतं. ओहोटीला ये." खरंच, ओहोटीला नाल्यांची तोंडं उघडी पडतात. आता टाइड टेबल बघूनच निघतो.

वरून बघायचं असेल तर कोपर्निकस ब्राउझर फुकट आहे. सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर ५ दिवसांनी त्याच जागेवरून जातात. 'फॉल्स कलर' निवडा. वनस्पती इन्फ्रारेड किरण जोरात परावर्तित करतात म्हणून जलपर्णी लालभडक दिसते, तर पाणी ते शोषतं म्हणून काळपट. मात्र एक पिक्सेल १० मीटरचा, त्यामुळे अरुंद पात्रात काठ आणि पाणी एकत्र मिसळतात. पावसाळ्यात तर ढगच दिसतात.

आणि फोटोला मर्यादा आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत माशांसाठीच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन लागतो. तो कॅमेऱ्याला दिसत नाही, पाणीच तपासावं लागतं. म्हणून या वेळी आम्ही तक्रारीत "नमुना घ्या" असं स्पष्ट लिहिलं, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट.

दर रविवारी चार ठरलेल्या जागा, तोच अँगल. यंत्रमागावरची दोन पोरं रात्रपाळी संपवून येतात, कारण फेस पहाटे जास्त असतो असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या तक्रारीची पोच मिळाली आहे, उत्तर अजून यायचंय.